मधे न बोलणारा डबा

माझ्या कानांचा मला गर्व आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आडून टोमणे मारायला नकोत. गाणं रेकॉर्ड होतं, त्याची जुळवाजुळव होते आणि ते लोकांच्या घरी जायच्या आधी शेवटचं ज्या खोलीतून जातं, ती खोली माझी. कुठे आवाज जाड झालाय तो उतरवायचा, कुठे दबलाय तो उचलायचा, आणि जिथे काहीच करायची गरज नाही तिथे हात मांडीखाली ठेवून गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. स्टुडिओतली नवी मुलं मला पाठीमागे 'कानवाल्या बाई' म्हणतात. पाठीमागे बोललेलं मला ऐकू येतं, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

हे कान बाबांकडून आले. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला रेडिओ लावून ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं आहे." झालं. याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. मी वर्गात पहिली आले तेव्हा "बरं आहे", आणि धाकट्याला लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हाही "बरं आहे". दुरुस्ती अशी करावी की ती झाली होती हे कळूही नये, असं त्यांचं म्हणणं. कौतुकाचंही त्यांनी तेच केलं, म्हणजे ते झालं होतं हे आम्हाला कळलंच नाही.

धाकट्याला आम्ही लहानपणापासून घुम्या म्हणतो. दिवसभरात दहा शब्द बोलला तर घसा धरल्याची तक्रार करेल असा माणूस. लिफ्टचे कंट्रोल पॅनेल बनवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि एक दिवस नोकरी सोडून तो घरामागच्या खोलीत जाऊन बसला. काय करतोयस, विचारलं तर म्हणाला, "डबा."

डबा म्हणजे म्युझिक सर्व्हर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: घरातली सगळी गाणी ज्याच्या पोटात साठवायची, आणि सांगू ते गाणं ज्याने आकड्यांच्या रूपात पुढच्या यंत्राला द्यायचं, असा हा डबा. पुढचं यंत्र त्या आकड्यांचा आवाज करतं, अॅम्प्लिफायर तो मोठा करतो, स्पीकर तो आपल्यापर्यंत पोचवतो. डब्याचं काम फक्त आकडे पोचवायचं. ऑफिसात टेबलाखाली धूळ खात पडलेला एखादा कॉम्प्युटरही ते करतो. आणि तरीही जगात असे डबे आहेत की त्यांच्या किमतीत एक बरी गाडी यावी, आणि ते घेणारे लोकही आहेत.

मी त्याला पहिल्या दिवशीच सुनावलं होतं. "पाच म्हणजे पाच. पोस्टमनने सोन्याचे बूट घातले म्हणून पत्रातला मजकूर बदलतो का रे?"

घुम्याने बराच वेळ सोल्डरिंगची सळई पुसली. मग म्हणाला, "मजकूर नाही बदलत. पण आपण पत्र वाचत असताना पोस्टमन दार बडवत बसला, तर वाचता येतं का?"

त्याच्या मानाने हे भाषणच होतं. मी "उंटावरचे शहाणे" असं काहीतरी पुटपुटत चहा ठेवायला गेले.

तीन वर्षं त्याने त्या डब्याला दिली. जाड धातूचं कवच, आत पंखा नाही, फिरणारं काही नाही, वीज गाळून घेणारी वेगळी पेटी. भावजय पोहण्याच्या तलावावर शिकवते. तिचा आवाज पाण्याखालच्या माणसालाही ऐकू जाईल असा. घर तिच्या पगारावर चाललं आणि तिने एकदाही कुरकुर केली नाही. पण या वर्षी दोघांनी बसून ठरवलं होतं की या मोसमात एखाद्या तरी दुकानाने डबा ठेवून घेतला, तर खोली राहील. नाहीतर खोली भाड्याने जाईल आणि घुम्या परत लिफ्टच्या कंपनीत. हे मला भावजयीने सांगितलं, आणि तेही हळू आवाजात, म्हणून मला जास्त भीती वाटली.

दुकान एकच होतं विचारण्यासारखं. शोरूम म्हणायचं त्याला, दुकान म्हटलेलं मालकाला आवडत नाही. मऊ गालिचा, जाड पडदे, आणि किंमत कुठेच लिहिलेली नाही. जिथे किंमत विचारायची लाज वाटावी अशी व्यवस्था असते तिथे मला उगीचच मोठ्याने बोलावंसं वाटतं. मध्यभागी परदेशातून आलेला सर्व्हर ठेवलेला, बँकेच्या तिजोरीसारखा, दोन माणसांनी उचलावा असा. शोरूमवाल्याने घुम्याचा डबा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "दिसायला देखणा आहे. पण तुमचं नाव कुणाला माहीत नाही. तुमच्या बहिणीचं आहे. त्यांनी आमच्या मंडळासमोर ऐकून सांगितलं की हा सरस आहे, तर मी तो या तिजोरीच्या शेजारी ठेवतो. आत्ताच मोठी ऑर्डर देतो."

घुम्याने मला विचारलंच नाही. भावजयीने विचारलं. मी म्हटलं, "येते. पण आपला तो बाब्या असं माझ्याकडून होणार नाही. जे ऐकू येईल ते सांगेन."

"तेवढंच हवंय, ताई," ती म्हणाली.

मंडळ म्हणजे संगीत ऐकणाऱ्यांचा एक गट, दर रविवारी सकाळी शोरूममध्ये जमणारा. त्यांचे नियम कोर्टाच्या वरताण, कारण ते एका निवृत्त न्यायाधीशांनी केलेले. सगळे त्यांना जजसाहेब म्हणतात. परीक्षकाने स्पीकरसमोरच्या खुर्चीत एकट्याने बसायचं. यंत्रं शेजारच्या छोट्या खोलीत, दार लावून. कुठलं कधी लावलं हे फक्त जजसाहेबांना ठाऊक. आणि बाकीच्यांनी परीक्षकाच्या मागे बसायचं, तेही भिंतीकडे तोंड करून, म्हणजे कुणाच्या हुंकाराचा की मान हलवण्याचा परिणाम व्हायला नको. चांगली पिकल्या केसांची माणसं ओळीने भिंतीला नाकं लावून बसलेली पाहून मला शाळेची आठवण झाली. त्यात घुम्याही होता. तलावावरून थेट आलेली भावजयही होती, केस ओले आणि गळ्यात शिट्टी तशीच.

स्पर्धेत तीन जण. परदेशी तिजोरी, घुम्याचा डबा, आणि शोरूमच्या हिशेबनिसाच्या टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर. तो माझ्या हट्टाने आणलेला. शोरूमवाला म्हणाला, "ताई, याला कशाला? याचा अपमान कशाला करायचा?" मी म्हटलं, "बघू कुणाचा होतो ते."

ऐकायला रेकॉर्डिंग मीच निवडलं. बायकांचा समूहस्वर, एका रिकाम्या सभागृहात रेकॉर्ड केलेला, शेवटचा हात माझा. शेवटच्या ओळीत सगळ्या बायका एकदम स्वर सोडतात, सभागृह तो जरा वेळ धरून ठेवतं, आणि तो विरता विरता मागच्या रांगेत एक खुर्ची कुरकुरते. अगदी हलकी. ती काढून टाका, असं निर्मात्याने दहादा सांगितलं होतं. मी काढली नाही. एवढा वेळ श्वास धरून उभी राहिलेली बाई शेवटी टेकली, त्याचा तो आवाज. तो काढणं म्हणजे बाईलाच काढणं. ती खुर्ची मला झोपेत लावली तरी ओळखेन.

एक नंबर लागला. छान. दोन नंबर लागला. आणि मी खुर्चीत सरळ झाले. बायका जणू एकेक पाऊल पुढे आल्या होत्या, त्यांच्यामध्ये हवा खेळत होती, सभागृहाचं छत दिसायला लागलं होतं. मग तीन नंबर, पुन्हा छान. मी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "दोन. वादच नाही."

जजसाहेब दार उघडून बाहेर आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दोन नंबर म्हणजे या गृहस्थांचा डबा."

भावजयीने शिट्टी वाजवली. खरोखरची. त्या मऊ गालिच्याच्या खोलीच्या आयुष्यात प्रथमच एवढा मोठा आवाज झाला असेल. शोरूमवाला घुम्याचे दोन्ही हात धरून हलवत होता, "'कानवाल्या बाईंनी डोळे झाकून निवडलेला', अशी पाटीच लावतो!" म्हणत होता. म्हणजे ते नाव इथवरही पोचलं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू? अर्धं भावाचं आणि अर्धं स्वतःचं. इतकी वर्षं मी म्हणत होते की फरक पडत नाही, आणि माझ्याच भावाने तो पाडून दाखवला, आणि माझ्याच कानांनी तो पकडला. हरण्यात एवढी मजा असते हे मला ठाऊक नव्हतं.

"थांबा," घुम्या म्हणाला.

तो अजून भिंतीजवळच उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले.

"खुर्ची पुढे आली," तो म्हणाला.

कुणाला काही कळेना. शोरूमवाल्याने खोलीतल्या खुर्च्यांकडे बघितलं. मला मात्र त्याच क्षणी कळलं. ते रेकॉर्डिंग घुम्याने तीन वर्षं आपल्या खोलीत ऐकलं होतं. ती खुर्ची त्यालाही पाठ होती. दोन नंबरच्या वेळी ती मागच्या रांगेतून जराशी जवळ येऊन कुरकुरली होती. मी ऐकली होती, आणि खुशीत तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं.

तो छोट्या खोलीत गेला आणि परत आला. "माझ्या डब्यात एक सोय आहे," तो म्हणाला. "हळू आवाजाची रेकॉर्डिंग जरा वर उचलायची. म्हणजे दर गाण्याला उठून आवाज कमी-जास्त करायला नको. घरी हिच्यासाठी चालू केली होती. बंद करायची राहिली."

"म्हणजे माझ्यामुळे?" भावजय म्हणाली.

"माझ्यामुळे," घुम्या म्हणाला.

ज्यांना यात एवढं काय असं वाटेल त्यांना सांगते. आवाज खूप मोठा केला तर कान म्हणतो, मोठा झाला. पण अगदी केसभर मोठा केला, तर कान 'मोठा' म्हणत नाही, 'छान' म्हणतो. हवा खेळते, छत दिसतं, बायका पुढे येतात. सगळं येतं, आणि त्यामागे असतो फक्त केसभर जास्त आवाज. माझ्या खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे सांगते, आणि जो फसतो त्याची खरपूस हजेरी घेते. आणि आता मी स्वतः, भर मंडळासमोर, "वादच नाही" म्हणून बसले होते.

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण तो घुम्यावर निघाला. "जन्मभर घुम्यासारखा गप्प राहिलास," मी म्हटलं, "आणि आज तोंड उघडायला बरा मुहूर्त सापडला तुला!"

शोरूमवाला मात्र जराही डगमगला नाही. त्याने दार पुढे लोटलं, आवाज मधाळ केला. "ताई, इथे सगळी घरचीच माणसं आहेत. निकाल लागला तो लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑर्डर मी आत्ता लिहितो."

मी भावजयीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती. ती खोली, ते तीन वर्षांचं काम, सगळं माझ्या एका 'हो'वर होतं, आणि तो 'हो' मी आधीच देऊन बसले होते. फक्त परत घ्यायचा नव्हता. आणि खरं सांगते, परत न घेण्याकडे माझं मन झुकलं होतं. भाऊ आहे तो माझा.

घुम्या माझ्याजवळ आला. "ताई, तुझ्या नावावर खोटं विकायचं नाही," तो म्हणाला. "माझा डबा गेला तर लिफ्ट आहे. तुझे कान गेले तर काय आहे?"

एका दमात एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. भावजयीने दोरी बोटावरून सोडली, डोळे पुसले आणि तलावावर मुलांना ओरडते तशा आवाजात म्हणाली, "काय बघताय? परत लावा!"

जजसाहेबांनी मान तुकवली. सोय बंद केली, तिन्ही यंत्रांचा आवाज मोजायचं यंत्र लावून काटेकोर जुळवला, क्रम बदलला आणि दार लावून घेतलं. माणसं पुन्हा भिंतीकडे वळली. मी पुन्हा बसले. या वेळी हात मांडीखाली घेतले.

मी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. बायका होत्या तिथे उभ्या होत्या, सभागृह होतं तेवढंच होतं, खुर्ची मागच्या रांगेत कुरकुरत होती. तिन्ही वेळा तीच, तिथेच. फरक सापडावा म्हणून मी जंग जंग पछाडलं. भावासाठी शोधला, स्वतःची लाज राखायला शोधला. तिनांतला कुठलाही एक आकडा फेकता आला असता, लागला तर लागला. पण मटका लावायला मी कान घेऊन आले नव्हते.

"तिन्ही सारखे," मी म्हणाले. "मला काही फरक कळत नाही."

मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या घरी तीच परदेशी तिजोरी आहे. ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "ताई, कान दमले असतील तुमचे."

"कान नाही दमले, डॉक्टर," मी म्हटलं. "तुमचा जीव खाली-वर होतोय, तोसुद्धा मला इथे ऐकू येतोय."

शोरूमवाल्याचा चेहरा मात्र उतरला. घुम्याचा डबा तर राहिलाच, वर त्याची तिजोरी हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरच्या रांगेत जाऊन बसली होती. तेल गेलं, तूपही गेलं अशी त्याची अवस्था. "मग मला हा ठेवता येणार नाही," तो घुम्याला म्हणाला. "फरकच नाही तर गिऱ्हाइकाला सांगू काय?"

"बरोबर आहे," घुम्या म्हणाला. भावजयीने नुसता त्याचा हात धरला.

सगळ्यांसाठी कॉफी आली. अशा वेळी कॉफीइतकी बेचव गोष्ट नाही. गाणं शेवटच्या यंत्रावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं, कुणी बंद केलं नव्हतं. बायका शेवटच्या ओळीवर आल्या, स्वर सोडला, सभागृहाने तो धरला, आणि मी सवयीने खुर्चीची वाट बघायला लागले.

टिंग!

माणसाएवढ्या उंच स्पीकरमधून, छताला धडकून आली ती टिंग. डॉक्टरांच्या हातची कॉफी गालिच्यावर. जजसाहेब छातीवर हात ठेवून उभे. हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरला नेमकी त्याच वेळी आठवण झाली होती की आपलं काहीतरी नवं करून घ्यायचं राहिलंय, आणि त्याने ती सगळ्यांना करून दिली होती.

मला हसू आवरेना. "पोस्टमनने दार बडवलं," मी म्हटलं.

घुम्या हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

हसण्याने माणसाची जीभ सैल होते. डॉक्टर गालिचा पुसता पुसता म्हणाले, "खरं सांगू का? माझी ती तिजोरीसुद्धा अशीच. नेट गेलं की मुकी. घरातली गाणी, माझ्याच घरात, पण कंपनीला विचारल्याशिवाय लावत नाही. परवा तर भर गाण्यात थांबून माझा पासवर्ड मागायला लागली." एवढ्या दिवसांचं मनातलं ओझं उतरल्यासारखे ते खाली बसले. शोरूमवाल्याने छताकडे बघितलं.

जजसाहेबांनी घुम्याकडे मोर्चा वळवला. "तुमचा मधे बोलतो?"

"नाही."

"कधीच नाही?"

"लिफ्ट मधेच थांबली तर माणूस अडकतो," घुम्या म्हणाला. "तिथे शिकलो. एकदा निघाली की जायचं तिथे पोचलीच पाहिजे. नेट असो, नसो. प्लग निघाला तरी चाललेलं गाणं पुरं होईल एवढी वीज आत साठवलेली असते."

हे त्याने मला तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं म्हणतात ते असल्या माणसांसाठीच. आणि मी तिथे गालिच्यावर उभी राहून विचार करत होते, की अरे, मी सकाळपासून फरक शोधतेय. पण माझ्या खोलीत मला हवं काय असतं? जे आत जाईल ते तसंच बाहेर यावं. एक थेंब वाढू नये, एक थेंब सांडू नये, आणि मी ऐकत असताना मधे कुणी बोलू नये. फरक करणारी यंत्रं माझ्याकडे ढिगाने आहेत. काहीच न करणारं एकही नाही. गेल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाला गाणं ऐकवताना मधेच आमचाही कॉम्प्युटर असाच टिंगला होता.

"हा उद्या माझ्या खोलीत आणून ठेव," मी म्हटलं.

"पण तुला तर फरक कळला नाही."

"नाही कळला. म्हणूनच."

शोरूमवाला म्हणाला, "अहो ताई, 'काहीही करत नाही' असं म्हणून कुणी काही विकलंय का आजवर?"

"तुम्हाला नाही जमायचं," मी म्हटलं. "त्याला जमेल."

जजसाहेबांनी हळूच विचारलं, की हे जाड कवच काढून साधा पत्रा घातला तर चालेल का, कारण घरी त्यांना डबा बघायचा नसून गाणं ऐकायचं असतं. घुम्या म्हणाला, चालेल की, कवच आवाजासाठी नव्हतंच, शोरूमसाठी होतं. निम्म्याहून जास्त किंमत तर त्या कवचाचीच. शोरूमवाला म्हणाला, "मग तो हाय-एंड कसला?" आणि महागड्या डब्यांची गोष्ट माझ्यापुरती तिथे मिटली: आवाजासाठी घ्याल तर फसाल, शांततेसाठी घ्याल तर बघा परवडतं का, आणि शांतता साध्या पत्र्यातही राहते.

डबा माझ्या खोलीत आला. आमच्या स्टुडिओचा मालक मुलखाचा चिकट. त्याने पुरता महिना त्याची वाट लावायचा प्रयत्न केला. मधेच प्लग काढ, नेट तोड, एकाच वेळी सगळी बटणं दाब. डबा हूं की चूं न करता गाणी वाजवत राहिला. शेवटी मालक म्हणाला की बाकीच्या खोल्यांनाही असेच बसवू, साध्या पत्र्याचे. घरामागची खोली भाड्याने गेली नाही.

पहिला साधा डबा बसवायला घुम्या आला त्या दुपारी भावजयही आली होती. त्याने तारा जोडल्या आणि तेच रेकॉर्डिंग लावलं. आम्ही तिघं बसलो. बायका उभ्या राहिल्या, सभागृह उभं राहिलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

"एवढंच?" भावजय म्हणाली. "ताई, तीन वर्षं घातली हो त्याने!"

"आमच्या घरात याच्या वर शब्द नाही," घुम्या तारा गुंडाळत म्हणाला.

"नव्हता," मी म्हटलं. "त्या दिवशी तू 'थांबा' म्हणालास ना, ते ऐकायला बाबा असते तर त्यांनाही नवा शोधावा लागला असता. खोली जात होती, तरी म्हणालास. मला तुझा फार अभिमान वाटतो रे."

तो कानापर्यंत लाल झाला. कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने बटणाकडे हात नेला. "आवाज जरा वाढवू?"

"हात मांडीखाली ठेव," मी म्हटलं.

त्याने ठेवले. मीही ठेवले. शेवटची ओळ आली, स्वर सुटला, आणि मागच्या रांगेतली ती बाई आपल्या जागी अलगद टेकली.